पुसलेला बाण

आमच्या जिन्यात तिचं नाव चारदा. ठेवलं मीच, आणि मला त्याचा जराही पश्चात्ताप नाही. घराला कुलूप लावलं की ही मुलगी ते चारदा ओढून बघते; तीनदा नाही, पाचदा नाही. मी दाराच्या भोकातून मोजलेलं आहे. मग दोन पायऱ्या उतरते, परत वर येते, गॅस बंद आहे ना म्हणून फटीला नाक लावून हुंगते आणि जाते. तळमजल्यावर पोचली की वडिलांना फोन. "बाबा, मी कुलूप लावलं ना?" बाबा त्या वेळी कुणाच्यातरी मोरीखाली आडवे पडलेले असतात. ते तिथूनच ओरडतात, "चारदा लावलंस, बाळ. जा आता!"

बाबा म्हणजे समोरच्या दारातले नळवाले भाऊजी. हा माणूस जगात कशालाही घाबरत नाही. भिंतीतून कारंजं उडत असलं, घरातली माणसं पलंगावर चढून किंचाळत असली, तरी हे आधी चप्पल बाहेर नीट लावून ठेवतात आणि मग आत जातात. असल्या बापाच्या पोटी ही अशी कशी निपजली, याचा मी पुष्कळ तपास केला. आई लवकर गेली, घरी कुणी नाही, म्हणून भाऊजी तिला सहा वर्षांची असल्यापासून कामावर बरोबर न्यायचे. तिच्या हातात टॉर्च. बेसिनखालच्या अंधारात टॉर्च धरून ती उभी आणि डोळे घट्ट मिटलेले. नळीतून काय बाहेर येईल याची भीती. भाऊजी म्हणायचे, "अगं, उजेड माझ्या कानात पाडू नकोस, नळीवर पाड!"

एकदा त्यांनी बेसिनखालचा वाकडा तुकडा सोडवला, त्यातला गाळ न ओतता हळूच कागदावर सरकवला आणि तिला डोळे उघडायला लावले. सगळ्यात खाली एक बटण, त्यावर केस, त्यावर साबणाचा पांढरा थर, त्यावर कानातलं. "बघ, बटण आधी पडलं. मग कानातलं. या बाईंना विचार, बटण हरवलं त्याला जास्त दिवस झाले असतील." विचारलं, तर तसंच निघालं. पोरीने त्या दिवसापासून डोळे उघडे ठेवले. भीती काही गेली नाही, पण भीती वाटत असतानाही बघायचं, एवढं जमलं.

तर अशी ही चारदा शिकत शिकत एवढी शिकली की तिच्या पदवीचं नाव मला एका दमात म्हणता येत नाही. गेल्या वर्षी तिला संशोधन केंद्रात दीड महिन्याच्या प्रशिक्षणाला घेतलं. नव्याने शास्त्रज्ञ झालेली अकरा पोरंपोरी. शिकायचं काय, तर ध्रुवाकडच्या समुद्राच्या तळाचा चिखल वाचायचा. मी विचारलं, "चिखलात वाचण्यासारखं काय असतं गं?"

"काकू, तुम्हाला बाबांचं बटण आठवतंय? तसंच. फक्त बटण वीस हजार वर्षांपूर्वीचं."

तिने मला समजावलं ते असं. जहाज बर्फाळ समुद्रात जातं, तळात लांबलचक नळी खुपसतं आणि चिखलाने भरलेली वर काढतं. तिचे मीटर-मीटरचे तुकडे करतात. खालचं जुनं, वरचं नवं. चिखलात मिठाच्या कणाएवढे शंख असतात. ते ओल्या ब्रशने एकेक उचलायचे आणि पाणी तेव्हा किती गार होतं ते त्यांच्यावरून काढायचं. बर्फ कधी तुटला, समुद्र किती वेगाने चढला, सगळं त्यात. पुढे काय होणार याचा हिशोब जे करतात, ते याच आकड्यांवर करतात.

शिकवणाऱ्या बाई ठेंगण्या, घोगऱ्या आवाजाच्या, निवृत्तीला टेकलेल्या. त्यांनी पहिल्या दिवशी एकच वाक्य सांगितलं म्हणे: "ही माती एकदाच मिळते. जहाज त्या जागी परत जात नाही." चारदाने ते मला चार वेळा ऐकवलं, आणि प्रत्येक वेळी तिच्या हातावर काटा आला.

बाईंचा एक नियम होता. नळीवर बाण असतो, वरची बाजू दाखवणारा. नळी हातात घेतली की एकाने मोठ्याने म्हणायचं, "वर." दुसऱ्याने बाणावर हात ठेवून उत्तर द्यायचं, "वर." त्याशिवाय करवत लावायची नाही. मला हे फार आवडलं. आठवडाभर मी तिला जिन्यात गाठून म्हणत होते, "वर!" आणि बिचारी दमून आलेली, पण उत्तर देऊनच घरात जायची.

शेवटी अकरांतले दोघं जहाजावर जाणार होते. दोन महिने, थेट बर्फात. एवढी भित्री मुलगी, पण त्या जहाजाचं नाव काढलं की तिचे डोळे लहान पोरासारखे व्हायचे. भाऊजींनी तर गुपचूप लोकरीचे मोजे आणून ठेवले होते. मला दाखवले आणि म्हणाले, "वहिनी, कुणाला सांगू नका." मी फक्त चौघांना सांगितलं.

पाचवा आठवडा लागला आणि मुलगी बिघडली. कुलूप दोनदाच ओढायला लागली. मी भोकातून बघून हादरले. जेवण नाही, फोन नाही, "वर" म्हटलं तर मान खाली. मी मनात म्हटलं, प्रेमात पडली! वर्गात एक उंचच्या उंच मुलगा होता, कामात तिचा जोडीदार. सगळे त्याला लंब्या म्हणत. मी लगेच लग्नाला कुठलं पातळ नेसायचं इथपर्यंत पोचले.

रविवारी दुपारी ती भाजीची पिशवी घेऊन जिना चढत होती. मी दारात उभी. नेहमीसारखी खोडी काढली. "काय गं, एखाद दिवशी ती नळी उलटी धरलीस तर? तुमचा वीस हजार वर्षांचा इतिहास शीर्षासन करील की!"

ती थांबली. चेहऱ्यावरचं रक्त उतरताना मी डोळ्यांनी पाहिलं. कठड्याला धरून ती पायरीवर बसली, आणि अगदी बारीक आवाजात म्हणाली, "तुम्हाला कुणी सांगितलं?"

"काय सांगितलं? अगं, मी गंमत केली!"

मग सगळं बाहेर आलं. मंगळवारी नळी आली तेव्हा ती बाहेरून चिकट होती. दोन्ही टोकांच्या टोप्या काढून बादलीत टाकलेल्या. लंब्याचे हातमोजे फाटले म्हणून तो दुसरे आणायला गेला होता. ही एकटी. नियमाप्रमाणे थांबायला हवं होतं. पण नळी घाणेरडी दिसते, बाई येतील, बोलतील, या भीतीने हिने स्पिरिटचा बोळा घेतला आणि नळी पुसली. लख्ख झाली. बाणही गेला.

"मग?"

"मग मी पेन घेतलं आणि बाण परत काढला. आठवून. तेव्हा वाटलं, बरोबर काढलाय. लंब्या आला, मी म्हटलं, वर. त्याने बाणावर हात ठेवला, तोही म्हणाला, वर. काकू, तो माझ्याच बाणावर हात ठेवून म्हणाला! नळी चिरली. दोन्ही अर्ध्यांवर तोच बाण. मी त्यातून एकोणपन्नास नमुने काढले. रात्री दात घासताना हात थांबला. टेबलावर मी कुठल्या बाजूला उभी होते? मला आठवेना. अजून आठवत नाही."

"सांगून टाक ना बाईंना."

"सांगितलं की जहाज गेलं. कायमचं. नाही सांगितलं तर शुक्रवारी आकड्यांचा तक्ता समुद्रापलीकडे जाणार. तिकडचे लोक वाचणार की बर्फ आधी वितळला आणि मग गोठला. खरं त्याच्या उलट असेल. आणि माझ्याशिवाय कुणालाच कळणार नाही, कधीच." तिचे दात वाजत होते. दुपारचं ऊन जिन्यात पडलेलं होतं आणि हिचे दात वाजत होते. "बाबांना सांगू नका. शपथ घ्या."

घेतली. माझ्या पोटात आजवर काही राहिलेलं नाही हे जिन्यातल्या सगळ्यांना ठाऊक आहे, पण त्या शपथेने माझीच पाचावर धारण बसली. तरी संध्याकाळी भाऊजी चहाला आले तेव्हा मी आडून विचारलं, "भाऊजी, सुटा पाइप हातात आला तर वरचं टोक कुठलं ते कसं ओळखता हो?"

"खूण करतो की आधीच."

"आणि शाई पुसली गेली तर?"

"शाई?" भाऊजींना पहिल्यांदाच मी कशाने तरी दचकलेलं पाहिलं. "पाइपावर शाईने कोण खूण करतं, वहिनी? खिळ्याने ओरखडा काढायचा. आणि तोही नसला तर पाइपात डोकावायचं. आतला गाळ कुठल्या बाजूला बसलाय ते बघायचं. तुम्ही काय धंदा बदलताय की काय?"

मी उठले, समोरच्या दारात गेले, आणि पोरीला सांगितलं, "हे बघ, शपथ मोडलेली नाही. पण आत डोकाव म्हणतो तुझा बाप."

ती एकदम म्हणाली, "दगड."

बर्फाचे डोंगर समुद्रात तरंगत जातात तेव्हा त्यांच्या पोटात दगड अडकलेले असतात. बर्फ वितळला की दगड सुटतो आणि सरळ तळाला जाऊन चिखलात रुततो. त्या नळीत बासष्टाव्या सेंटिमीटरला अंगठ्याएवढा एक दगड होता. त्याच्यामुळेच पन्नासांतला एक नमुना घेता आला नव्हता. दगड पडतो वरून, त्यामुळे त्याच्याखालचे थर दबणार, तुटणार. वरचे थर मागाहून येऊन अलगद बसणार, पांघरूण घातल्यासारखे. म्हणजे वर कुठे आहे ते दगडच सांगणार होता. पण तो दगड होता चिखलाच्या थंड कोठारात, न उकरता जपून ठेवलेल्या दुसऱ्या अर्ध्या नळीत, आणि कोठाराची किल्ली बाईंच्या कमरेला.

सोमवारी सकाळी ती माझ्या दारात आली. "काकू, फाटकापर्यंत चला. माझे पाय जात नाहीत."

फाटकापर्यंत म्हणता म्हणता मी आतपर्यंत गेले. असल्या बाबतीत माझे पाय फार जातात. लांब मार्गिका, दोन्हीकडे बंद दारं, कुठूनतरी यंत्राची घरघर. बाईंच्या खोलीत टेबलावर चाळण्या वाळत घातलेल्या. चारदाने उभ्याउभ्याच सगळं सांगितलं, एकदाच, न थांबता. चारदा एखादी गोष्ट एकदाच सांगताना मी प्रथमच पाहत होते.

बाईंनी पेन खाली ठेवलं. "किती नळ्या?"

"एक."

"नक्की?"

"एकच. चार वेळा आठवून पाहिलं."

"हो, ती सगळं चारदाच करते. आमच्या जिन्यात नावच आहे तिचं," मी मदत म्हणून बोलले.

बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की मी भिंतीला टेकले. "या कोण?"

"शेजारच्या काकू."

"त्यांनाही कोट दे. गारठतील."

कोठारात शिरलो. मला दिलेला कोट घोट्यापर्यंत, बाह्या गुडघ्यापर्यंत. छतापर्यंत फळ्या आणि फळ्यांवर नळ्या, हजारो. वासही नाही, आवाजही नाही, फक्त गार हवेची घूंघूं. मला एकदम वाटलं, इथे आपण मोठ्याने शिंकलो तरी काहीतरी बिघडेल, आणि मग साहजिकच शिंक यायला लागली. नाक दाबून उभी राहिले.

बाईंनी नळी काढली, टेबलावर ठेवली, वरचा पातळ प्लास्टिकचा कागद सोलला. राखाडी चिखल, त्यात काळसर पट्टे. मी म्हटलं आता बाई बघतील आणि सांगतील. त्यांनी भिंग उचललं आणि चारदासमोर धरलं. "तू बघ. मोठ्याने सांग."

पोरीने भिंग घेतलं, ते नळीच्या कडेवर टकटक वाजलं. तिने दुसऱ्या हाताने मनगट धरलं. डोळे मिटले. मला वाटलं, आता ही पडते. मग तिने डोळे उघडले.

"बासष्टला दगड."

"हं."

"दगडाच्या खाली थर आहेत. मऊ. गोलाईवरून अलगद गेलेले. तुटलेले नाहीत."

"वर?"

तिने भिंग दगडाच्या वरच्या बाजूला सरकवलं.

"वर दबलेत. दोन पट्टे तुटलेत."

"म्हणजे?"

"म्हणजे दगड... खालून वर पडलाय."

"पडतो का असा?"

"नाही." आणि मग ओठ न हलवता, "उलटी आहे."

मला वाटलं होतं, बघितलं की काहीच नसेल, सगळे हसू, बाहेर येऊन चहा पिऊ. ती भीती खरी निघेल हे माझ्या हिशोबातच नव्हतं. बाईंनी खिशातून पेन काढलं, टोपण उघडलं आणि परत लावलं.

"मंगळवारी झालं. आज सोमवार. सहा दिवस गप्प राहिलीस."

"भीती वाटली, बाई."

"आणि आज का सांगितलंस?"

"त्याहून जास्त वाटली."

बाईंच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं, पण ते हसू नव्हतं. "इतरांनीही स्पिरिट वापरलं?"

"सगळ्यांनीच. नळ्या चिकट होत्या."

आता बाईंचा चेहरा बदलला. मी जन्मात अनेक माणसं घाबरवली आहेत, त्यामुळे घाबरलेला चेहरा मला लांबून ओळखता येतो. बाई घाबरल्या होत्या. "एक्स-रेचं यंत्र महिनाभर बंद आहे," त्या स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाल्या. "म्हणजे चिरण्याआधी एकही नळी आतून बघितलेली नाही. सगळ्यांना बोलव. आत्ता."

तेव्हाच मला शिंक आली. त्याबद्दल मी अधिक काही लिहीत नाही.

चार दिवस अकराही जणांनी प्रत्येक नळीत दगड शोधले. ज्यात दगड नव्हते त्यात शेजारच्या तुकड्यांशी पट्टे जुळतात का ते पाहिलं. आणखी एक नळी उलटी निघाली. तिच्यावरचा बाण ज्याने परत काढला होता त्याने ते सांगितलं नाही, आणि बाईंनाही कळलं नाही. तो कोण, ते मला माहीत आहे, पण मी कुणाची नालस्ती करत नाही. एवढंच सांगते की दारातून जाताना त्याला वाकावं लागतं. शुक्रवारी तक्ता गेला, सुलटा.

आणि शनिवारी जहाजाची नावं लागली. चारदा तिसरी. दोघं जाणार, त्यात तिचं नाव नाही, लंब्याचं आहे. मी खवळले. मी बाईंना चार शब्द सुनावायला निघालेच होते. चारदाने मला जिन्यात अडवलं. "काकू, त्यांनी मला विचारलं होतं. म्हणाल्या, सहा दिवस गप्प राहिलेल्या माणसाला या वेळी जहाजावर पाठवलं, तर पुढच्या वर्गाला मी काय सांगू? तूच सांग."

भाऊजींनी मोजे परत कागदात गुंडाळले. दुसऱ्या दिवशी कामावर निघताना त्यांनी पिशवीतून एक खिळा काढला आणि तिच्या हातात ठेवला. त्यांना कुणी सांगितलं म्हणता? मी शपथ मोडलेली नाही. त्या रविवारी त्यांच्या घरात मी पोरीशी बोलत होते, दार उघडं होतं, आणि भाऊजी बाहेर चप्पल नीट लावत होते.

जहाजावर न्यायच्या सूचनांचं पहिलं पान बाईंनी चारदाला लिहायला लावलं. तिने लिहिलं: खूण शाईने करायची नाही, खिळ्याने ओरखडायची, नळीच्या चारही बाजूंना, चार बाण, टोप्या काढण्याआधी. जहाज गेलं. जहाजावरची माणसं वादळात आनंदात होती, आणि इथे ही रोज मला विचारायची, "काकू, पान वाचलं असेल ना? पाण्यात भिजलं असेल का? त्यांनी पेनच वापरलं तर?" दोन महिने तिने मला असं घाबरवून ठेवलं की ध्रुवाकडची हवा कशी आहे ते मी वर्तमानपत्रात बघायला लागले. मी!

परवा नळ्या आल्या. पहिली पेटी उघडली तर प्रत्येक नळीवर चार ओरखडे, खोल. पेटीत लंब्याची चिठ्ठी होती: "सगळ्या नळ्या चारदा केल्या आहेत. त्या वेळी मी बोलायला हवं होतं." जहाजावर आता त्या खुणेला चारदाच म्हणतात म्हणे. नाव बाईंपर्यंत कसं पोचलं ते तुम्ही वाचलंच आहे. बाकीचं मी ठेवलेल्या नावाने स्वतः केलं.

पुढच्या जहाजावर तिचं नाव आहे. लागलं तेव्हापासून तिला झोप नाही. बर्फात कुलूप नसतं, मग ती चारदा काय ओढणार, ही माझीही काळजी आहे. पण परवाचं सांगते. नव्या नळ्यांपैकी पहिली तिने उचलली, बाणाकडे बोट केलं, म्हणाली, "वर." बघते तो कुणी नाही. सगळे चहाला गेलेले. नळी चिकट. बोळा समोर. तिने नळी खाली ठेवली नाही, पुसलीही नाही. त्या गारठ्यात ती तशीच उभी राहिली, पंचवीस मिनिटं. मध्येच खांद्याने कानाला फोन दाबून मला विचारलं, "काकू, मी हलले तर चालणार नाही ना?"

मला दया आली. मी फोनवरच मोठ्याने म्हटलं, "वर!"

"तुमचं धरत नाहीत, काकू," ती दात वाजवत म्हणाली. "बाणावर हात ठेवावा लागतो."